कॉफीतला पालाश

"आता बघ मावशी, पापणीसुद्धा लववू नकोस!" असं म्हणत भाचीने तारेचं टोक बर्नरच्या ज्योतीत धरलं. टोकाला कणभर राख चिकटलेली होती. माझ्याच डब्यातल्या कॉफीची राख. ज्योत भसकन पिवळी झाली. मी म्हटलं, "छान." ती म्हणाली, "थांब, ते नुसतं सोडियम आहे. ते सगळ्यांना झाकून टाकतं. आता यातून बघ." तिने माझ्या हातात गडद निळ्या कोबाल्ट काचेचा तुकडा ठेवला. काच डोळ्यांसमोर धरली आणि मी ओरडलेच. पिवळा रंग पार नाहीसा झाला होता आणि त्या जागी आमसुलाच्या आगळासारखा जांभळट लाल रंग लवलवत होता! ते पोटॅशियम होतं. चाळीस वर्षं रोज सकाळी मी जे पीत आले, ते त्या क्षणी पहिल्यांदा मला डोळ्यांनी दिसलं.

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नाही. भेटेल त्याला मी कॉफीच्या राखेबद्दल सांगते आहे, आणि आता तुम्हालाही सांगणार आहे.

आमच्या घरात कॉफी जुनी. आजी कॉफीच्या बियांना बुंद म्हणायची आणि दुपारी पाहुणे आले की दुधातल्या गोड कॉफीवर जायफळ किसायची. पुढे मला फिल्टर कॉफीची गोडी लागली, पितळी फिल्टर आला, वेगवेगळ्या मळ्यांच्या बिया येऊ लागल्या. वास, कडवटपणा, आंबटपणा यांवर मी तासभर बोलू शकते. पण कॉफीत धातू असतात, ते मोजता येतात आणि ते मोजले की ती बी कुठल्या मातीत वाढली याचा माग लागू शकतो, हे माझ्या गावीही नव्हतं. भाची विश्लेषण रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. एकदा कॉफी पिता पिता मी तिला सहज विचारलं, "यात कॅफीन सोडून आणखी काय असतं गं?" तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मावशी, चार दिवस रजा काढ आणि लॅबमध्ये ये. सरांना मी विचारून ठेवते."

मी रजा काढली. सोबत दोन पुड्या नेल्या. एक चिकमगळूरच्या अरेबिकाची आणि दुसरी चिखलदऱ्याची. हो, आपल्या चिखलदऱ्याची! मेळघाटातल्या गाविलगडच्या डोंगरांत इंग्रजांच्या काळापासून थोडीशी कॉफी होते आणि मागे तिकडे गेले होते तेव्हा एक पुडी मी जपून आणली होती.

पहिला दिवस राखेचा. चिनी मातीच्या मुशीत पाच ग्रॅम पूड मोजून घेतली. तो वजनकाटा ग्रॅमचा दहा हजारावा भाग दाखवतो. आपला श्वास लागला तरी आकडा हलतो, म्हणून त्याला काचेची दारं. पूड आधी हलक्या आचेवर जाळली. धूर निघाला, अख्ख्या खोलीत करपल्याचा वास पसरला. मग मूस 550 अंशांच्या भट्टीत गेली आणि रात्रभर तिथेच राहिली. सकाळी भाचीने लांब चिमट्याने ती बाहेर काढली, डेसिकेटर नावाच्या कोरड्या बंद भांड्यात थंड केली आणि माझ्यापुढे ठेवली. काळी पूड गेली होती. तळाशी करड्या-पांढऱ्या राखेचा थर होता, फुंकर मारली तर उडून जाईल इतका हलका. वजन भरलं 0.22 ग्रॅम. म्हणजे शेकडा साडेचारच्या आतबाहेर.

"बाकीचं सगळं गेलं," भाची म्हणाली. "कॅफीन गेलं, तेल गेलं, तुझा तो सुवास गेला. उरलं ते झाडाने मुळांनी वर ओढलेलं." मी त्या राखेकडे बघतच राहिले. बी भाजली, दळली, जाळली, तरी हे मागे उरलंच! भट्टी रेणू मोडू शकते, पण पोटॅशियमचा अणू तिला मोडता येत नाही. कॉफी भाजताना बियांचं वजन साधारण सहाव्या-सातव्या हिश्श्याने घटतं, कारण पाणी आणि वायू निघून जातात. खनिजं मात्र जागची हलत नाहीत. उलट तेवढ्याच वजनात त्यांचं प्रमाण थोडं वाढतं.

या राखेवरून तपासनीसही कॉफी पारखतात. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा मानकांत भाजलेल्या कॉफीची राख 3 ते 6 टक्क्यांत बसावी लागते. त्या राखेचा निदान 65 टक्के भाग पाण्यात विरघळला पाहिजे. आणि आम्लातही न विरघळणारी राख 0.1 टक्क्याच्या वर जाता कामा नये, कारण ती बहुतेक वाळू आणि धूळ असते. कॉफीत मिसळतात त्या चिकोरीला ही शेवटची अट बरीच सैल आहे. का? कारण चिकोरी म्हणजे मूळ. ते जमिनीत वाढतं आणि माती अंगाला चिकटवूनच वर येतं. कॉफी मात्र झाडावरच्या फळातली बी! एका साध्या आकड्यात वनस्पतीचा कुठला भाग आपण पितो तेही दिसतं, हे कळलं तेव्हा मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

राखेत थोडं पाणी घातलं आणि त्यात तांबडा लिटमस बुडवला. झरझर निळा झाला. हे तर माझ्या आजीला ठाऊक होतं! चुलीतल्या राखेने ती भांडी घासायची. त्या राखेचं पाणी बोटांना बुळबुळीत लागायचं ते याच पोटॅशियम कार्बोनेटमुळे. इंग्रजीतला पोटॅश हा शब्द भांड्यात आटवलेल्या राखेच्या पाण्यावरून आला आणि 1807 साली हंफ्री डेव्हीने त्यातून धातू वेगळा काढला तेव्हा त्यालाही तेच नाव चिकटलं. रसायनशास्त्रात या धातूची खूण आहे 'के'. ती आली कलियमवरून आणि कलियम आलं अरबीतून, जिथे अल्-कली म्हणजे वनस्पतींची राख. कॉफी हा शब्दही मुळात अरबी कहवा! दोघं एकाच भाषेतून निघून माझ्या मुशीत भेटले होते.

दुसऱ्या दिवशी आकडे. राख आम्लात विरघळवून, पाण्याने कितीतरी पट पातळ करून आम्ही फ्लेम फोटोमीटरसमोर बसलो. बारीक नळीतून यंत्र द्रावण ओढून घेतं, त्याचा तुषार करून ज्योतीत सोडतं आणि ज्योतीतून निघणाऱ्या उजेडातला फक्त एक रंग गाळून मोजतं. पोटॅशियमसाठी 766 नॅनोमीटर, तांबड्याच्या अगदी कडेचा. आधी प्रमाण माहीत असलेली द्रावणं दिली: दोन पीपीएम, चार, सहा, आठ, दहा. कागदावर ठिपके पडले आणि एका सरळ रेषेत उभे राहिले. मग माझी कॉफी. यंत्राचा आकडा त्या रेषेवर शोधला, जेवढं पातळ केलं होतं तेवढ्याने गुणलं, आणि उत्तर आलं: एक किलो भाजलेल्या कॉफीत सुमारे 17 ग्रॅम पोटॅशियम. म्हणजे राखेचा जवळजवळ चाळीस टक्के भाग!

"मावशी, हे यंत्र तू नाही, पण मामाने नक्की पाहिलं असेल," भाची म्हणाली. "माती परीक्षणाला देतो ना तो? त्याच्या अहवालात नत्र, स्फुरद, पालाश असतं. त्यातला पालाश म्हणजे हेच पोटॅशियम, तो असल्याच यंत्रावर मोजतात." मी तिथूनच भावाला फोन लावला. "दादा, तू उसाला घालतोस तो पालाश माझ्या कॉफीत निघाला!" पलीकडून तो म्हणाला, "मग? पालाशाशिवाय फळ भरतं होय?" शेतकऱ्याला माहीत असलेली गोष्ट मला पन्नाशी उलटल्यावर कळली, आणि कळली तेव्हा जग एकदम सलग वाटलं. दादाचं शेत, आजीची राख आणि माझा कप, सगळीकडे तोच एक धातू.

ज्योतीच्या रंगावरून मूलद्रव्य ओळखायची ही विद्या हायडेलबर्गची. रॉबर्ट बुन्सेन आणि गुस्टाव किर्खहोफ या दोघांनी 1859-60 च्या सुमारास ज्योतीचा उजेड लोलकातून पसरवून पाहिला आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या स्वतःच्या रेषा असतात हे दाखवलं. ड्यूर्कहाइमच्या झऱ्याचं पाणी तपासताना त्यांना 1860 मध्ये कधी न पाहिलेल्या निळ्या रेषा दिसल्या. ते सीझियम होतं. पुढच्याच वर्षी गडद तांबड्या रेषा दिसल्या. ते रुबिडियम. चिमूटभर सीझियमसाठी बुन्सेनने चाळीसेक टन पाणी आटवलं! आणि ऐका: ते रुबिडियम माझ्या कॉफीतही आहे. पोटॅशियमशी त्याचं इतकं साम्य की मुळं पोटॅशियम घेताना रुबिडियमही सोबत आत घेतात.

पण ज्योतीत पेटून उठणारी मूलद्रव्यं थोडीच. जस्त, मँगनीज यांसारखी ज्योतीत गेली तरी जवळजवळ गप्प राहतात. त्यांना बोलतं कसं करायचं? हे कोडं ॲलन वॉल्शने सोडवलं. हा ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेचा शास्त्रज्ञ. 1952 मध्ये एका रविवारी मेलबर्नमधल्या आपल्या बागेत काम करताना त्याला सुचलं की अणू किती उजेड देतात हे बघण्यापेक्षा ते किती उजेड गिळतात हे मोजावं. जस्ताच्याच दिव्याचा उजेड ज्योतीतून पाठवायचा. ज्योतीत जस्त असेल तर ते नेमका तोच उजेड पिऊन टाकतं. जितका उजेड कमी, तितकं जस्त जास्त. 1955 मध्ये त्याचा लेख आला आणि ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचलं. आमच्या लॅबमध्ये या दिव्यांचा अख्खा खण आहे, प्रत्येकावर एकेका मूलद्रव्याचं नाव. भाचीने मँगनीजचा दिवा बसवला, माझी कॉफी आत गेली, आणि पडद्यावरचा आकडा उसळला. गप्प धातू बोलला!

तिसरा दिवस मी कधीच विसरणार नाही. त्या दिवशी आम्हाला किलोतला मिलिग्रॅम आणि त्याचाही हजारावा भाग पकडायचा होता. त्यासाठी दुसऱ्या एका संस्थेतलं आयसीपी-एमएस नावाचं यंत्र मिळणार होतं. पण त्याआधी स्वच्छता! अशी स्वच्छता मी सोवळ्याच्या स्वयंपाकातही पाहिली नव्हती. काचेचं भांडं चालत नाही, कारण काच सोडियम आणि बोरॉन सोडते. पोलादी ग्राइंडर चालत नाही, कारण त्यातून लोखंड, क्रोमियम आणि निकेल पुडीत उतरतं. बिया अकीकाच्या खलात कुटल्या. प्लास्टिकची भांडी आदल्या रात्रीपासून आम्लात भिजत पडलेली होती. अर्धा ग्रॅम पूड आणि नायट्रिक आम्ल टेफ्लॉनच्या जाड बंद भांड्यात घातलं आणि लॅबच्या खास मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं. आतलं तापमान 200 अंशांच्या घरात जातं. बाहेर आलं तेव्हा काळ्या कॉफीचं पाण्यासारखं नितळ द्रावण झालं होतं! कपात काळी मिट्ट असणारी कॉफी अशी पारदर्शक होऊ शकते, हे पाहूनच मी खुर्चीत बसले.

सोबत दोन जास्तीची भांडी होती. एकात नुसतं आम्ल, कॉफी अजिबात नाही. त्याला ब्लँक म्हणतात. आपल्या हातून, हवेतून, भांड्यातून जे मिसळलं असेल ते त्यात दिसतं आणि मग ते वजा करायचं. दुसऱ्यात सफरचंदाच्या पानांची पूड. अमेरिकेतली निस्ट ही मानकसंस्था ती बाटलीत भरून विकते, आणि त्या पानांत कुठलं मूलद्रव्य किती आहे याचा दाखला सोबत देते. आपलं यंत्र त्या पानांचे आकडे बरोबर सांगत असेल, तरच कॉफीच्या आकड्यांवर भरवसा ठेवायचा. किती सुंदर आहे हे! आपण खरं बोलतो आहोत की नाही हे तपासायला आधी साक्षीदार उभा करायचा आणि मगच बोलायचं.

आणि मग ते यंत्र. आरगॉन वायूला रेडिओ लहरींनी इतकं तापवतात की त्याचा प्लाझ्मा होतो, सूर्याच्या पृष्ठभागाहूनही गरम. छोट्या खिडकीतून तो पांढराशुभ्र दिसतो. माझ्या कॉफीचा तुषार त्यात शिरतो, त्यातल्या अणूंचे आयन होतात आणि पुढचा भाग ते वजनावरून निवडतो. आयोवात व्हेल्मर फॅसेल, रॉबर्ट हाउक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये प्लाझ्मा आणि वस्तुमानमापक एकत्र जोडून दाखवले. त्यातलं एक कोडं तर मी घरी येऊन सगळ्यांना घातलं. लोखंडाचं वजन 56. आरगॉनचं 40, ऑक्सिजनचं 16. बेरीज करा! प्लाझ्मात आरगॉन आणि ऑक्सिजन जोडी करून लोखंडाचं सोंग घेतात. आरगॉन आणि क्लोरीन मिळून 75 होतात आणि अर्सेनिक म्हणून पुढे येतात. यावर उपाय असा की वाटेत हीलियम वायू ठेवायचा. जोडीचा आयन आकाराने मोठा, तो हीलियमवर जास्त आदळतो, दमतो आणि मागे पडतो. एकटा अणू पुढे निघून जातो. अणूंच्या गर्दीत सोंगं ओळखायची ही युक्ती कुणाला सुचली असेल, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

पडद्यावर नावं येत गेली: मॅग्नेशियम, कॅल्शियम, मँगनीज, लोह, तांबं, जस्त, रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम, निकेल. प्रत्येक नावामागे एक गोष्ट. मँगनीज आंबट जमिनीत जास्त विरघळतं, म्हणून मुळांना जास्त मिळतं, म्हणजे तो आकडा जमिनीच्या आंबटपणाबद्दल बोलतो. तांब्याची गोष्ट तर आपल्या द्राक्षवाल्यांना लगेच ओळखू येईल. कॉफीच्या पानांवर तांबेरा पडतो. याच तांबेऱ्याने 1869 पासून श्रीलंकेतली कॉफी धुऊन नेली आणि तिथे चहा आला. त्यावर आपल्याकडच्या मळ्यांत आजही बोर्डो मिश्रण फवारतात, मोरचूद आणि चुना. मोरचूदात तांबं असतं. त्यामुळे तांब्याचा आकडा वाचताना जमिनीबरोबर फवारणीचाही विचार करावा लागतो.

"आता सांग," मी भाचीला म्हटलं, "यातली चिखलदऱ्याची कुठली?" ती हसली. "दोन नमुन्यांवरून मी काहीच सांगणार नाही मावशी. एकेका भागातले कितीतरी नमुने लागतात. एकाच मळ्यात वरच्या आणि खालच्या उतारावर फरक पडतो. एक मूलद्रव्य पुरत नाही, अनेकांची गुणोत्तरं एकत्र बघायची असतात. पण ते होतं. कोनाचं ऐकलंस का?"

कोना म्हणजे हवाई बेटावरचा कॉफीचा पट्टा, हुआलालाई आणि माउना लोआ या ज्वालामुखींच्या उतारावरचा. ही कॉफी महाग आणि थोडी. 2019 मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी सिएटलच्या न्यायालयात दावा लावला की कोनाच्या नावाने बाजारात भलतीच कॉफी विकली जाते. सिद्ध कसं करायचं? बी भाजलेली, मूळ मळा हजारो मैल दूर. युटा विद्यापीठातल्या जेम्स एहलरिंगर यांनी मूलद्रव्यांची गुणोत्तरं मोजली, जस्ताशी स्ट्रॉन्शियम किती, निकेलशी बेरियम किती, अशी. लाव्हाच्या जमिनीची खूण भाजलेल्या बीमध्येही टिकून होती! पुढे झालेल्या तडजोडींची रक्कम 4 कोटी डॉलरांच्या वर गेली. ज्या राखेला आपण काही उरलं नाही असं म्हणतो, तिच्यातल्या कणांच्या आधारे शेतकरी न्यायालयात उभे राहिले.

आणि आपल्याकडे? 2019 मध्येच कूर्ग, चिकमगळूर आणि बाबाबुदनगिरीच्या अरेबिकाला, वायनाडच्या रोबस्टाला आणि अराकू खोऱ्याच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळालं. चिकमगळूरखालचे खडक दोन-तीन अब्ज वर्षांपूर्वीचे. चिखलदरा उभा आहे दख्खनच्या काळ्या कातळावर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हावर. जुन्या खडकांतल्या रुबिडियमचा एक प्रकार अतिशय संथपणे स्ट्रॉन्शियममध्ये बदलत राहतो, त्यामुळे खडक जुना आणि रुबिडियम भरपूर असेल तर तिथल्या स्ट्रॉन्शियमचा ढंगच वेगळा होतो. तो झाडात उतरतो, बीत उतरतो. त्याला आणखी बारीक मोजणारं यंत्र लागतं आणि तिथवर मी अजून पोहोचलेले नाही. पण माझ्या दोन पुड्यांत पृथ्वीच्या दोन वेगवेगळ्या वयांची माती आहे, एवढं कळल्यावर मी त्या पुड्या देवघराशेजारी ठेवल्या आहेत.

चौथा दिवस कपाचा. पुडीत किती आहे ते मोजलं, पण माझ्या पोटात किती जातं? ऊर्ध्वपातित पाण्यात कॉफी केली, गाळली, कपातलं द्रावण वेगळं मोजलं आणि चोथा वाळवून वेगळा. पालाशाचा बराच मोठा भाग कपात उतरला होता. मॅग्नेशियमही बरंच. पण कॅल्शियम, लोह आणि तांबं चोथ्याला धरून बसले होते. साध्या गाळलेल्या कॉफीत 100 मिलिलिटरला 50 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं आणि 3 मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम. मग आम्ही तीच कॉफी आमच्या बोअरवेलच्या पाण्यात केली. कॅल्शियमचा आकडा एकदम वर गेला. ते कॅल्शियम कॉफीचं नव्हतंच, आमच्या सोसायटीखालच्या खडकाचं होतं! म्हणजे माझ्या रोजच्या कपात दोन ठिकाणच्या जमिनी भेटतात, एक मळ्याची आणि एक माझ्या घराखालची.

हे कळलं त्या संध्याकाळी घरी आले, फिल्टर उघडला आणि नेहमीसारखा चोथा कढीपत्त्याच्या कुंडीत टाकायला गेले. हात मधेच थांबला. आजीने सांगितलं म्हणून वर्षानुवर्षं टाकते आहे. पण आता माहीत होतं की पालाश मी प्यायले आणि लोह, तांबं, कॅल्शियम इथे माझ्या ओंजळीत आहे. चिकमगळूरचा एक अंश आता माझ्या गॅलरीतल्या कुंडीत. त्यातला किती या कढीपत्त्याने उचलला असेल? पानांत दिसेल का?

मी भाचीला फोन लावला. "अगं, कढीपत्त्याची पानं जाळता येतील का गं?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग तिचा आवाज माझ्यासारखाच धावत आला: "धुऊन, सावलीत वाळवून आण मावशी. आणि कुंडीतली मातीही आण. मूस रिकामीच आहे."